चालवून दाखवलेला माल

राइस कुकरचं खोकं काउंटरवर ठेवून त्या पिवळ्या टी-शर्टातल्या मुलीनं पावती पुढे सरकवली आणि ती माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागली. म्हणजे आमचं झालं होतं. राजवंतीनं, माझ्या बायकोनं, खोकं उचलून काखेत मारलंसुद्धा. मी मात्र जागचा हललो नाही. माझे दोन्ही तळवे काउंटरवर पसरलेले होते, उभा जन्म पसरत आलो तसे, फक्त या वेळी मी काउंटरच्या चुकीच्या बाजूला होतो. "आणखी काही हवंय का अंकल?" मुलीनं विचारलं. मी म्हणालो, "चालवून दाखव की." तिला कळलंच नाही. "काय चालवून?" "हेच. खोकं उघड, पिन लाव, दिवा लागतो का बघू." ती हसली. वाईट नाही हसली, आपल्या आजोबांना हसावं तशी हसली, आणि तेच मला जास्त लागलं. "सीलबंद आहे अंकल. घरी जाऊन लावा. नाही चाललं तर महिन्याच्या आत परत आणा, बदलून देऊ." मागचं गिऱ्हाईक चुळबुळत होतं. राजवंतीनं माझी बाही ओढली. मी बाहेर आलो, पण माझ्या आतलं कुणीतरी त्या काउंटरवरच राहिलं आणि अजून तिथंच आहे, असं मला वाटतं. माल न बघता परत घ्यायचं वचन देणारं दुकान! मी नोकरी केलेल्या दुकानाच्या शेठनं ऐकलं असतं तर छातीवर हात ठेवून खुर्चीत बसला असता.

बाहेर पाऊस होता. पॅसिफिकमधल्या आमच्या सुव्हा बंदरात तो असतोच, त्याचं कुणाला काय. आम्ही दुकानांच्या पत्र्यांखालून बस स्टँडकडे चाललो होतो. राजवंती पुढे, मी मागे. "चारचौघांत शोभा केलीत," ती मागे न बघता म्हणाली. "ती पोर काय म्हणाली असेल?" मी तिच्या काखेतल्या खोक्याकडे बघत होतो. त्यावर वाफाळत्या भाताचं चित्र होतं, आणि खोकं लहान होतं, फारच लहान. दुकानात मला ते जाणवलं नव्हतं, कारण तिथं मी कुकरकडे बघतच नव्हतो, मुलीच्या हातांकडे बघत होतो. "अगं, हा एवढासा? यात दोघांचा भात कसा व्हायचा?" मी म्हणालो. ती म्हणाली, "दोघांचा कशाला? शुक्रवारी मी जातेच आहे." "तीन महिन्यांनी येशीलच ना?" ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. रस्ता ओलांडायला थांबली होती, मोटार येतेय का ते बघत होती, असं म्हणता येईल. मोटार येत नव्हती. मग म्हणाली, "तुमच्यापुरता पुरे आहे तो."

आमची मुलगी शालेश्नी ऑकलंडला असते. तिला आता दिवस भरत आलेत आणि तिच्या बाळंतपणासाठी राजवंती जाणार, हे ठरलेलंच होतं. आयांनी जायचंच असतं. तीन महिने, असं तिनंच सांगितलं होतं. पण तीन महिन्यांसाठी निघालेली बाई आपल्या आईचा पितळी लोटा जुन्या ओढणीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवत नाही. देव्हाऱ्यातल्या हनुमानाची तसबीर उतरवून, तिथं भिंतीवर उरलेला पांढरा चौकोन ओल्या फडक्यानं पुसून काढत नाही. मी सगळं पाहिलं होतं. विचारलं नव्हतं. ती परत येणार आहे की नाही, हा एवढाच प्रश्न माझ्या तोंडात गेले काही दिवस खडीसाखरेसारखा घोळत होता, फक्त गोड नव्हता. विचारला तर ती खरं सांगेल याची भीती होती. राजवंती कधी खोटं बोलत नाही, आणि अशा बाईला प्रश्न जपून विचारावे लागतात.

स्टँडकडे जायला कमिंग स्ट्रीटवरून जावं लागतं. एरवी मी बाजाराकडून वळसा घालतो, आज ती पुढे होती म्हणून तिच्या मागे गेलो. आमच्या दुकानाच्या जागी आता जुने कपडे विकतात. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी टाकून दिलेले, गाठोड्यांनी आलेले शर्ट-पँटी. पण भिंतीवर टीव्ही टांगायचे लोखंडी हात अजून तसेच आहेत, मीच माझ्या जोडीला काम करणाऱ्या व्हिलिमोनीच्या खांद्यावर उभा राहून ठोकलेले. त्या हातांना आता हँगर लटकतात, हँगरना कुणाचे तरी कोट. या गावात कोट घालतो कोण? एका कोटाची बाही पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती, आणि क्षणभर मला वाटलं, टीव्ही चालू आहे. मग वाटलं, बंद दुकानासमोर उभं राहून रडणारा म्हातारा होण्याइतकी आपली पायरी अजून घसरलेली नाही, आणि मी चालता झालो.

'पॅसिफिक ज्योत'. नाव शेठनं स्वतः ठेवलं होतं. शेठ म्हणजे धनसुखभाई, बापाच्या शिंप्याच्या दुकानातून वर आलेला गुजराती, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, त्यातलं एक नेहमी गळणारं. मी तिथं लागलो तेव्हा धक्क्याला जहाज लागलं की भोंगा ऐकून आम्ही सगळे केस विंचरायचो. गोरे लोक लोंढ्यानं यायचे. जकात नाही म्हणून आमच्याकडे कॅमेरे, घड्याळं, रेडिओ, टेप त्यांच्या देशापेक्षा स्वस्त. व्हिलिमोनी दारात फुलाफुलांचा शर्ट आणि गुडघ्याखाली लुंगीसारखा सुलू नेसून उभा राहायचा आणि स्वागताचं असं काही 'बुला!' ओरडायचा की रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक ओढल्यासारखं आत यायचं. तो पलीकडच्या बेटावरल्या लेवूकाचा, दारापेक्षा रुंद, आणि चर्चमध्ये खर्जात गाणारा. दुकानात आम्ही तिघेच कायमचे, बाकीचे येत-जात राहिले. आणि एक रीत होती. कुठलीही वस्तू, मग ते हातातलं घड्याळ असो की अंगठ्याएवढा रेडिओ, चालवून दाखवल्याशिवाय दुकानाबाहेर जायची नाही. खोकं गिऱ्हाइकासमोर फोडायचं. थर्मोकोलचे दोन्ही तुकडे अलगद काढून उताणे ठेवायचे. पिन लावायची. मग हात मागे घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, खटका तुम्ही दाबा. दिवा लागला, आवाज आला, की विचारायचं, "चालतंय ना?" आणि त्यानं तोंडानं मोठ्यानं म्हणायचं, चालतंय. मान डोलावलेली शेठला चालायची नाही. "मान तर बैलपण हलवतो," तो म्हणायचा. "तोंडातून शब्द येऊ दे. शब्द आला की माल त्याचा, आपला संबंध संपला." गल्ल्यामागे पाटी होती, लाल अक्षरांत, रंगाऱ्याकडून रंगवून घेतलेली: गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवलेला माल परत घेतला जाणार नाही. लोकांना वाटायचं, ही शेठची चलाखी. मला ती कधी चलाखी वाटली नाही. दोन माणसं एका वस्तूच्या दोन बाजूंना उभी आहेत, दोघांनी दिवा लागलेला पाहिलाय, दोघांनी कबूल केलंय. याहून स्वच्छ व्यवहार मी माणसामाणसांत दुसरा पाहिलेला नाही, लग्नातसुद्धा नाही.

आता लग्नाचं म्हणाल तर तेही त्या काउंटरवरच जमलं. राजवंती आपल्या बापाबरोबर नौसोरीहून आली होती, भाताचा हंगाम बरा गेला म्हणून कॅसेट वाजवायचा मोठा डेक घ्यायला. बापाच्या अंगाला मातीचा आणि सुक्या तंबाखूचा वास, तिच्या केसांत मोगरा, आणि दोघंही दुकानात देवळात आल्यासारखी चपला काढून आली होती. मी खोकं फोडलं. माझ्याकडे बघणारी कुणी मोगरा माळलेली मुलगी काउंटरपलीकडे पहिल्यांदाच होती, त्यामुळे माझे हात जरा जास्तच नाचत होते. तर त्या जपानी डेकच्या पाठीमागे एक खाच असायची, नाणं घालून फिरवायची. एका बाजूला एकशेदहा, दुसरीकडे दोनशेचाळीस. माल जहाजावरच्या अमेरिकनांसाठी म्हणून एकशेदहावर लावूनच यायचा, आणि गावचं गिऱ्हाईक आलं की आधी नाणं फिरवायचं, हा आमचा पहिला धडा. मी विसरलो. पिन लावली, हात मागे घेतला आणि रुबाबात म्हणालो, "दाबा." तिनं दाबलं. डेकच्या पोटात चर्र झालं आणि जाळीतून निळा धूर आला, उदबत्तीसारखा सरळ वर. बाप दोन पावलं मागे सरला. शेठनं कपाळाला हात लावला. मी घामाघूम होऊन विचारलं, काय विचारलं असेल? सवयीनं तेच विचारलं, "चालतंय ना?" आणि राजवंती जी हसली! तोंडावर ओढणी दाबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "बाबा, हे म्हणतात चालतंय ना," असं बापाला सांगून परत हसली. शेठनं दुसरा डेक दिला. जळालेला दुकानाच्या अंगावर पडला, कारण तिनं शब्द दिला नव्हता. पुढे मागणी घालायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तिच्या बापानं पहिलं वाक्य हेच टाकलं, "आधी नाणं फिरवलंय ना जावईबापू?" कित्येक वर्षं आमच्या घरात हा विनोद चालला. भांडण झालं, भाजी करपली, शालेश्नी दहावीत गणितात नापास झाली, की राजवंती म्हणायची, "नाणं फिरवायला विसरलात." तिनं हे म्हणणं कधी बंद केलं? मी बसमध्ये बसून आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. अशा गोष्टी बंद होताना आवाज होत नाही.

बस सामाबुलाच्या चढावर धापा टाकत होती. खोकं आता माझ्या मांडीवर होतं आणि फटीतून थर्मोकोलचा वास येत होता, कोरडा, जरासा गोड. मला तो वास फुलांपेक्षा आवडायचा. आता मात्र मी ती फट हातानं दाबून धरली. कारण शेवटच्या वर्षांत दुकानात तेवढाच वास उरला होता, माल नव्हता. दुकान एका दिवसात बुडालं असतं तर मी बरा राहिलो असतो. आधी बंड झालं, रस्त्यात सैनिक उभे राहिले, जहाजं काही दिवस आली नाहीत. मग आली, पण गोरे लोक आत यायचे, कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि म्हणायचे, आमच्याकडे आता याच भावात मिळतो. 'बुला' म्हणून हसायचे आणि लाकडी मुखवटे विकत घ्यायला समोर जायचे. शेठ म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघ बिसुन. पुढच्या वर्षी मोठी जहाजं येणार आहेत." मी मान डोलवायचो. बैलपण हलवतो. फळ्या मोकळ्या दिसायला लागल्या तेव्हा शेठनं माळ्यावरची जुनी खोकी खाली काढायला सांगितली. गिऱ्हाइकं नको म्हणून टाकून गेलेली, नमुन्याच्या मालाची. "मोकळी फळी म्हणजे मेलेलं दुकान. खोकी लावा," तो म्हणाला. चित्राची बाजू पुढे. व्हिलिमोनी खालून एकेक फेकायचा, मी शिडीवर झेलायचो. हवा झेलत होतो. "हा बघ मोठा टीव्ही," व्हिलिमोनी एका बोटावर खोकं तोलून म्हणायचा, "सांभाळ रे, पाठ मोडेल." बडा घर पोकळ वासा. दुकान भरगच्च दिसायला लागलं, पूर्वी कधी दिसलं नव्हतं इतकं. आणि मग रोज सकाळी ती रिकामी खोकी आम्ही फडक्यानं पुसायचो. मनापासून पुसायचो, हेच सांगायचंय मला. कोपरे दबू नयेत म्हणून मी त्यांच्यात वर्तमानपत्रं कोंबली. एखाद्यानं बोट करून विचारलं, "तो दाखवा," की मी म्हणायचो, "तो नमुना फक्त बघायला आहे, ताजा माल पुढच्या जहाजानं येतोय." असं म्हणताना मला शरम वाटायची नाही. मला ते खरंच वाटायचं. रिकामं खोकं रोज पुसलं की त्यात काहीतरी आहे असं हातांना वाटायला लागतं.

त्याच दिवसांत राजवंतीच्या भावानं ब्रिस्बेनहून कागद पाठवले होते. आम्हा तिघांना बोलावण्याचे. तिकडे त्याच्या ओळखीच्या कोंबड्यांच्या कारखान्यात मला काम, शालेश्नीला शाळा. राजवंतीनं ते कागद जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि वर मिठाची बरणी ठेवली, उडू नयेत म्हणून. काही दिवस ते तसेच होते. आम्ही त्यांच्या कडेनं जेवायचो. शेवटी ती म्हणाली, "काय ठरवताय?" मी म्हणालो, "शेठला असं मध्येच सोडून कसा जाऊ? पुढच्या वर्षी मोठी जहाजं येणार आहेत." तिनं माझ्याकडे पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्हाला ते खरं वाटतं?" मी म्हणालो, "हो." आणि तिला कळलं की मी खोटं बोलत नाहीये. मला वाटतं, त्याच दिवशी काहीतरी झालं. खोटं बोलणाऱ्या नवऱ्याला बायको धरून राहते, त्याला कधीतरी पकडायची आशा असते. पण रिकाम्या खोक्यांवर खरोखर विश्वास असलेल्या माणसाचं काय करायचं? तिनं बरणी उचलली, कागद घडी करून कपाटात ठेवले, आणि भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी चुकलो असं मला अजूनही वाटत नाही. हीच तर सगळ्यात वाईट गोष्ट आहे. आज कुणी मला तीच खोकी आणून दिली तर मी पुन्हा पुसेन.

मग दुसरं बंड आलं आणि एका दुपारी गावात लुटालूट सुरू झाली. शेठ त्या दिवशी घरी होता. मी आणि व्हिलिमोनी शटर ओढायला धावलो, पण ते अर्ध्यावर अडकलं, ते नेहमीच अडकायचं. पोरं, बायका, म्हातारे, सगळे खालून वाकून आत शिरले. व्हिलिमोनी दारात हात पसरून उभा राहिला आणि त्यांच्या भाषेत ओरडला, "अरे लाज वाटू द्या! काही नाहीये आत!" ते एकच खरं वाक्य त्या दिवशी गावात कुणी बोललं असेल, पण भरलेल्या फळ्यांकडे बघून त्यावर कोण विश्वास ठेवतो? लोकांनी खोकी उचलली. ती इतकी हलकी असल्याचं धावण्याच्या भरात त्यांच्या लक्षात आलं नाही. एकानं तर मोठ्या टीव्हीचं खोकं डोक्यावर घेतलं आणि ओझ्यानं वाकल्यासारखा वाकून पळाला. मी गल्ल्यामागे पाटीखाली बसलो होतो. मला वाटलं, त्याला हाक मारावी, थांब, चालवून बघ, शब्द दे. रस्त्याच्या टोकाला कुणीतरी पहिलं खोकं फोडलं असावं, कारण तिकडून शिव्यांचा आवाज आला आणि मग हसण्याचा. संध्याकाळी सगळ्या कमिंग स्ट्रीटवर माझी वर्तमानपत्रं पसरलेली होती. शेठ आला, मोकळ्या फळ्यांकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "बिसुन, आपलं काहीच गेलं नाही रे." आणि खाली बसून रडला. व्हिलिमोनीनं मागच्या खोलीत याकोनाच्या मुळीची पूड पाण्यात कालवली, आधी शेठला करवंटी भरून दिली, मग त्यांच्या रीतीप्रमाणे टाळी वाजवली. आम्ही तिघे जीभ बधिर होईस्तोवर पीत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी आणि व्हिलिमोनी रस्त्यावरून खोकी गोळा करत फिरलो. हे मी राजवंतीला कधी सांगितलं नाही, पण तिला बाजारातल्या बायकांनी सांगितलंच. चिखलाची, फाटलेली, पायदळी तुडवलेली. आणली, सुकवली, चिकटपट्टी लावली आणि परत मांडली. त्यानंतर दुकान आणखी काही वर्षं तसंच जगलं, त्याला जगणं म्हणायचं असेल तर. आम्ही बॅटऱ्या विकल्या, दिवे विकले, छत्र्या विकल्या. एका बॅटरीलासुद्धा मी छोटा दिवा जोडून दाखवायचो आणि विचारायचो, चालतंय ना? पोरं खिदळत 'चालतंय, चालतंय' म्हणायची. मग शेठ सिडनीला मुलाकडे गेला. डोळे दाखवायला जातोय, म्हणाला. दोन महिन्यांत येतो, तू सांभाळ. त्यानं जाताना गल्ल्याच्या गणपतीची मूर्ती बरोबर नेली. मी पाहिलं होतं. विचारलं नव्हतं. जागेचा मालक कुलूप बदलायला आला तेव्हा मी शिडीवर उभा राहून वरच्या फळीवरची खोकी पुसत होतो. "उतर बिसुनभाई," तो म्हणाला, "माझी माणसं खोळंबलीत." व्हिलिमोनी त्याच्या बेटावर परत गेला आणि तिथं वारला, हे मला चर्चमधल्या कुणीतरी सांगितलं. आता मी एका शाळेच्या फाटकावर बसतो. फाटक उघडतो, फाटक लावतो. ते दोन्ही वेळा नीट चालतं.

घरी पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं, पाऊस थांबल्यावर पडतं तसं, डोळ्यांत जाणारं. अंगणात राजवंतीनं बांधलेला हनुमानाचा लाल झेंडा भिजून बांबूला चिकटला होता. मी खोकं टेबलावर ठेवलं, मिठाच्या बरणीशेजारी, आणि फाटकावर जायची वेळ झाल्याचं निमित्त शोधायला लागलो, पण आज शाळेला सुट्टी होती. "उघडा," राजवंती म्हणाली. "उद्या बघू." "उद्या नको. मी आहे तोवर चालवून बघा. मागून अडलात तर मी तिकडून काय सांगणार?" मी चाकू घेतला. चिकटपट्टीवर चाकू फिरला आणि माझे हात एकदम शहाणे झाले, मला विचारेनासे झाले. थर्मोकोलचे दोन तुकडे अलगद काढले, उताणे ठेवले. कुकर पांढरा, गुळगुळीत, बोबडं बोलणाऱ्या पोरासारखा वाटोळा. "तांदूळ तुम्ही घ्या," ती म्हणाली. "मी हात लावणार नाही. एक वाटी. धुवा. आता पाणी. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. तुमच्या बोटाच्या, माझ्या नाही." मी सगळं केलं. पिन लावली. आणि वर पाहिलं तर ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी होती, दोन्ही तळवे टेबलावर पसरून. तिनं हात मागे घेतला. "खटका तुम्ही दाबा," ती म्हणाली.

मला तेव्हा कळलं. तिला ते सुचलं होतं की नुसतंच झालं होतं, कोण जाणे. पण खटका दाबायला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाच्या बाजूला होतो आणि माल विकला जात होता तो माझ्याच गळ्यात: एका माणसाचा भात, एका माणसाचं ताट, भिंतीवरचा तो पुसलेला चौकोन. मी खटका दाबला. लाल दिवा लागला. काही जळलं नाही. धूर आला असता तर! त्या क्षणी मी देवाजवळ दुसरं काही मागितलं नसतं. निळा धूर सरळ वर यावा, तिनं तोंडावर ओढणी दाबावी, नाणं फिरवायला विसरलात म्हणावं. पण हल्लीच्या वस्तूंना नाणं फिरवायची खाच नसते, चूक करायला जागाच ठेवत नाहीत. पाणी खदखदायला लागलं. झाकणाच्या भोकातून वाफ आली. आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहून ते बघत होतो, आणि तिच्या केसांत मोगरा नव्हता, केस पांढरे होते आणि तिनं ते कधी रंगवले नव्हते. मला ती इतकी आवडली की मला बसावंसं वाटलं. पण काउंटरवर गिऱ्हाईक उभंच असतं. बऱ्याच वेळानं खटका टक् करून वर आला, लाल दिवा विझला आणि शेजारचा पिवळा लागला.

"चालतंय ना?" राजवंतीनं विचारलं.

मी मान डोलावली. ती तशीच उभी राहिली. तिला माहीत होतं, मान चालत नाही. मी मनाशी म्हटलं, आपण नुसतं गप्प राहायचं. शब्दच द्यायचा नाही. शब्द आला नाही तर माल दुकानाच्या अंगावर पडतो, व्यवहार पुरा होत नाही, गिऱ्हाईक आणि दुकानदार दिवसभर समोरासमोर उभे राहू शकतात, शुक्रवार येऊन जाऊ शकतो. मी तिच्या हातांकडे बघत राहिलो.   "अहो, बोला ना एकदा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "मला बॅग भरायचीये. तुमचं जेवण मार्गी लागलं हे बघितल्याशिवाय माझा पाय निघणार नाही."

"चालतंय," मी म्हणालो.

तिनं मोठा श्वास सोडला, झाकण उघडून भाताचं एक शीत बोटानं दाबून बघितलं आणि आत गेली. मी टेबल पुसलं. थर्मोकोलचे दोन्ही तुकडे होते तसे खोक्यात बसवले, झाकणं दुमडली आणि स्टूल घेऊन खोकं कपाटावर चढवलं, चित्राची बाजू पुढे करून. आतून राजवंतीला स्टूल सरकल्याचा आवाज गेला असावा. "खोकं टाकून द्या हो," ती म्हणाली, "उगाच झुरळं होतात."

"राहू दे," मी म्हणालो. "परत करायची वेळ आली तर लागेल. महिन्याच्या आत परत घेतात, ती पोर म्हणाली."

आत कपाटाचं दार लागलं.

"घेत असतील ते," राजवंती म्हणाली. "तुमच्या दुकानात घेत नव्हते." आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.